ऐकणारे सहा जण

सहा महिने माझ्याकडे एक कागद होता. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, बिलबुकांच्या गठ्ठ्याखाली. त्यावर सहा ओळी होत्या. पहिल्या पाचांपुढे बरोबरची खूण होती, सहावीपुढे नव्हती. सहाव्या ओळीत एवढंच होतं: धडगावकडची बाई, हिरवं लुगडं, डाव्या मनगटावर गोंदण.

या सहा जणांनी शहाद्यातल्या एका कापडदुकानात, भर दुपारी, मला चोर म्हटलेलं ऐकलं होतं.

त्या दुकानात मी अकरा वर्षं गल्ला आणि हिशोब सांभाळला. मालकांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. आजोबांच्या वेळी इकडे आलेलं. खाली दुकान, वर घर, मध्ये आतला जिना. म्हाताऱ्या मालकांना सगळे बापूजी म्हणत. चार वर्षांपूर्वी त्यांनी गादीवर बसणं सोडलं आणि मुलगा बसू लागला. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला तो ताई म्हणायचा.

मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची यादी, औषधांची यादी, कोणाकडे किती रुपयांचा आहेर केला त्याची यादी. दुकानात उघडतानाची आणि बंद करतानाची यादी मीच भिंतीला चिकटवली होती. सेल्समन जिभाऊ, जे तीस वर्षांपासून तिथे कापडाचं थान उलगडत होते, ते गिऱ्हाइकांना अहिराणीत सांगायचे, आमनी ताई सपनंबी नंबर टाकीसन देखस. स्वप्नंसुद्धा नंबर घालून! मी हसायचे. याद्यांमुळे माझं कधी काही अडलं नव्हतं.

भाद्रपदातली गोष्ट. जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण चालू होतं. पाचव्या दिवशी देवळात मोठा कार्यक्रम असतो, म्हणून दुकान दुपारी एकला बंद झालं. शेठ माल घ्यायला सुरतेला गेलेले. मी रोख मोजली, एकसष्ट हजार दोनशे तीस, तसा कागद लिहून गल्ल्यात ठेवला, कुलूप लावलं आणि घरी गेले. गल्ल्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक वरच्या घरात खिळ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. गादीवर पेपरवेटखाली तीन चिठ्ठ्या होत्या. घरखर्चाच्या चिठ्ठ्या तिथेच ठेवलेल्या असायच्या, दूधवाल्याच्या, भाजीच्या, कशाकशाच्या. त्या घरच्या तारेला टोचायच्या आणि महिनाअखेरीस वह्यांत चढवायच्या, अशी पद्धत. मी तिन्ही टोचल्या. गल्ला उघडला. आदल्या दिवशी मीच मोजलेली रक्कम सकाळी पुन्हा मोजायची नाही, हीसुद्धा पद्धत. माझीच.

दुपारी बारानंतर शेठ सुरतेहून आले. ट्रान्सपोर्टवाल्याला रोख द्यायची होती म्हणून त्यांनी स्वतः गल्ला मोजला. दोनदा मोजला. मग कालचा कागद मागितला, सकाळची विक्री विचारली. चार हजार दोनशे ऐंशी, मी सांगितलं.

"मिळून पासष्ट हजार पाचशे दहा पाहिजेत," ते म्हणाले. "इथे चाळीस हजार पाच आहेत."

"असं कसं होईल?"

"तेच मी विचारतोय, बाई."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ताईची बाई झाले. ते ऐकून जिभाऊंच्या हातातला मीटर थांबला.

मी म्हणाले, पुन्हा मोजू. मी मोजली. चाळीस हजार पाचच. पंचवीस हजार पाचशे पाच कमी. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. शेठही पाहून म्हणाले, "कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दिवाळीपासून बंद आहे. नुसता दिवा लागतो. तुम्हाला माहीत आहे. दुरुस्तीच्या यादीत तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय. तीन वेळा लिहिलंय."

"किल्ल्या दोन. एक तुमच्याकडे, एक आमच्या घरात. आता घरातला माणूस स्वतःच्या गल्ल्यातून चोरी करणार का?"

"बापूजींना विचारून बघा. काल दुपारनंतर कोणी..."

"बापूजींनी चार वर्षांत गल्ल्याला हात लावलेला नाही. आणि ते आज पहाटेपासून पौषधात आहेत. तीन दिवस. तिथे जाऊन मी दुकानाच्या पैशाचं विचारू?"

पौषध म्हणजे काय ते मला अकरा वर्षांत कळलं होतं. माणूस घर सोडून उपाश्रयात साधूसारखा राहतो. फोन नाही, पैशाला हात नाही, संसाराचा शब्द नाही. पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाल्यावरच परत येतो.

"पर्स आणा," शेठ म्हणाले.

दुकानात तेव्हा किती लोक आहेत हे मी त्या क्षणी मोजलं. सवय जात नाही. जिभाऊ. साड्यांच्या काउंटरवरची बाई, जिला मीच कामाला लावून घेतलं होतं. ओट्यावर मशीन घेऊन बसणारे टेलर मास्टर, जे आत डोकावून बघत होते. ब्राह्मणपुरीचे एक गुजर शेतकरी आणि त्यांच्या पत्नी, सुनेच्या डोहाळजेवणाची साडी घ्यायला आलेले. आणि लुगडं बघायला बसलेली डोंगरातली एक बाई. शेअर जीपने आलेली असणार, पायांवर लाल धूळ होती.

मी पर्स गादीवर उपडी केली. डबा, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, डायरी, एकशे चाळीस रुपये आणि एक पाकीट. पाकिटात अकरा हजार.

"हे?"

"भिशीचे. आमच्या गल्लीतल्या बायांची भिशी आहे, ती माझ्याकडे असते. डायरीत नावं आहेत. बघा, बारा जणी, अकरा जणींचे आले."

त्यांनी डायरी उघडली नाही. "याद्या तर तुम्हीच लिहिता, बाई," ते म्हणाले.

आजवर मला खूप जण बरंवाईट बोललेत, पण त्या वाक्याएवढं काही लागलं नाही. कारण ते खरं होतं. कागद माझा, अक्षर माझं, आकडा माझा. जे मी प्रामाणिकपणाचं म्हणून दाखवत होते, तेच त्यांना लबाडीचं दिसत होतं.

मी म्हणाले, "पंचवीस हजार पाचशे पाच. शेठ, चोर वरचे पाच रुपये मोजून घेतो का?"

"हुशार चोर घेतो. म्हणजे नंतर असं विचारता येतं."

गुजर शेतकऱ्याच्या पत्नीने साडीचा पदर खाली ठेवला. डोंगरातल्या बाईने कमरेची पिशवी पुढे ओढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात ठेवला. मी ते पाहिलं. त्या हाताचं मनगट मला अजून आठवतं.

"तुम्ही पैसे उचललेत," शेठ म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धर्माचे दिवस आहेत म्हणून पोलिसांत जात नाही. संवत्सरी झाल्यावर दुकान उघडेल, तोपर्यंत पैसे गल्ल्यात आले पाहिजेत."

"मी घेतलेले नाहीत. म्हणून आणणार नाही."

"मग बघू."

मी माझ्या वस्तू एक एक करून पर्समध्ये भरल्या आणि संध्याकाळी सहापर्यंत खुर्चीवर बसून राहिले. माझी वेळ सहापर्यंत होती. कोणी माझ्याशी बोललं नाही. जिभाऊंनी एकदा चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेले.

घरी यजमानांना सांगितलं. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत, शांत माणूस.

"तठे जाऊ नको आते," ते म्हणाले. "सोडी दे. दुसरं काम भेटी जाई."

"मी नई गऊ ते लोके म्हनतीन, हिनीच खादात."

"लोके बोलतीन आनि इसरी जातीन."

"शहादाना लोके? तुम्हले माहीत शेतस ना."

शहाद्यात एका दुकानातून चोरीचा आळ घेऊन निघालेल्या बाईला दुसऱ्या दुकानात गल्ला मिळत नाही, झाडू मिळतो. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. पण फी एवढंच कारण नव्हतं. राजीनामा दिला असता तर माझ्यावतीने तो राजीनामाच बोलला असता, आणि चुकीचं बोलला असता.

मी डायरी घेतली आणि सकाळी दुकान उघडल्यापासून कशाकशाला हात लावला ते ओळीने लिहिलं. कुलूप. शटर. उदबत्ती. बिलबुक. गादीवरच्या तीन चिठ्ठ्या तारेला. तिथे थांबले. दूध, पंख्याचं वायंडिंग, आणि तिसरी? तिसरी काय होती ते मला आठवेना. म्हणजे मी ती वाचलीच नव्हती.

सातव्या दिवशी मी अर्धा तास आधी गेले. शटर जिभाऊंनी उघडलं. घरच्या तारेवरची तिसरी चिठ्ठी काढली. बापूजींचं थरथरतं अक्षर. पाचव्या दिवसाची तिथी आणि खाली, "घी, ५१०१ मण". एवढंच.

मला आधी वाटलं, पारण्याच्या स्वयंपाकाचं तूप असेल. मग पाच हजार मण तुपाला किती ट्रक लागतील याचा मनात हिशोब केला आणि चिठ्ठी जिभाऊंपुढे धरली.

त्यांनी एका नजरेत ओळखली. "देउळमा तुपनी बोली ऱ्हास, ताई. पाचवा दिन त्या बोली लावतस, इतला मन, तितला मन. तूप कोनी देत नई, पैसाच देतस."

"मणाचा दर काय?"

"ते देउळना मुनीमले इचार."

"जिभाऊ, काल तुम्हाला हे सुचलं नाही?"

"काल चिठ्ठी कोठे व्हती मन्हापुढे?" ते म्हणाले, आणि मग हळूच, "आनि मी मधमा बोलाले कोन शे, माय?"

देवळाची पेढी नऊला उघडते. मुनीम चष्मा पुसत होता. मी चपला बाहेर काढल्या, दारातच उभी राहिले आणि विचारलं, बोलीचा दर काय आहे. मणाला पाच रुपये, तो म्हणाला. मी तळहातावर बोटाने गुणाकार करायच्या आतच आकडा डोळ्यापुढे आला. पंचवीस हजार पाचशे पाच.

"परवा संध्याकाळी बापूजींनी भरलेत का?"

मुनीमाने पावतीपुस्तक माझ्याकडे फिरवलं. बापूजींचं नाव, रोख, तोच आकडा. "भरणारच," तो म्हणाला. "देवाचे पैसे घरात रात्रभर ठेवत नाहीत. बोली झाली आणि तासाभरात स्वतः घेऊन आले. पहाटे पौषध घ्यायचं होतं ना."

मी मोबाइलवर पावतीचा फोटो काढला. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. म्हणजे बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती.

दुकानात परतले तेव्हा शेठ एकटे होते. जिभाऊ बँकेत, साड्यांवरची बाई अजून यायची, मास्टर चहाला गेलेले. मी चिठ्ठी आणि फोटो गादीवर ठेवले. माझी चूकही सांगितली. चिठ्ठी न वाचता टोचली, आणि गल्ला सकाळी मोजला नाही. दोन्ही चुका माझ्या डायरीत लिहिलेल्या आहेत, अजूनही आहेत.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे चूक तुमचीच," ते म्हणाले. "चिठ्ठी वाचली असती तर हा प्रकार झालाच नसता."

"चिठ्ठी वाचली नाही, ही माझी चूक. मला चोर म्हणालात, ती कोणाची?"

"आता जुळलं ना? संपला विषय. ट्रान्सपोर्टवाल्याचं करून टाका, ताई."

सहा जणांपुढे बोलले होते. शून्य जणांपुढे मागे घेतलं. तेसुद्धा घेतलं नाहीच, नुसतं ताई म्हणाले. मी ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे मोजून दिले, सही घेतली, आणि मग डायरीतलं एक पान फाडून त्यावर सहा ओळी लिहिल्या.

संवत्सरीला दुकान बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. दरवर्षीप्रमाणे शेठ पांढऱ्या कपड्यांत खाली आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आम्ही ओळीने उभे. ते प्रत्येकापुढे हात जोडत म्हणत होते, "मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात जाणता अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा करा." दहा वर्षं मी हे ऐकलं होतं आणि दहा वर्षं मला ते आवडलं होतं. मालकाने नोकरापुढे हात जोडायचे, ही गोष्ट साधी नाही. मीही हात जोडून म्हणायचे, मलाही करा.

ते माझ्यापुढे आले. तेच शब्द, त्याच सुरात, नजर माझ्या खांद्यावरून मागच्या रॅककडे. मी हात बिलबुकावरच ठेवले.

"पेढा घ्या, ताई."

"ही क्षमा मला चालणार नाही."

साड्यांवरच्या बाईने माझा पदर ओढला. शेठ म्हणाले, "हा आमचा धर्म आहे. त्याचा अपमान करू नका."

"धर्माला मी एक शब्द बोललेले नाही. तुम्ही म्हणालात, जाणता अजाणता. तसं नाही झालं. जाणून म्हणालात. वर्षभरातही नाही झालं, सहाव्या दिवशी दुपारी एक वाजता झालं. मनही दुखावलेलं नाही. नाव गेलंय."

"मग काय करू, पाया पडू तुमच्या?"

"नको. जे बोललात ते ज्यांनी ऐकलं, त्यांना खरं काय ते सांगा. सहा जण आहेत. यादी केली आहे."

"यादी," ते म्हणाले आणि हसले. "तुमची यादी. गिऱ्हाइकांना गाठून सांगत बसू, की बाबांनो, गैरसमज झाला?"

"गैरसमज नाही. तीन वाक्यं. मी हिला चोर म्हणालो. हिने घेतले नव्हते. पैसे माझ्या वडिलांनी नेले होते."

तिसऱ्या वाक्यावर त्यांचा चेहरा बदलला. "बापूजींचं नाव यात येणार नाही. त्यांनी देवाला दिलेत. लोक काय अर्थ काढतील? घरातच चोरी?"

"माझ्याबद्दल जो अर्थ काढला तोच."

"जमणार नाही. पटत नसेल तर पगार घ्या आणि निघा."

"निघणार नाही. काढायचं तर लेखी द्या, कारण लिहून."

ते लिहून देणार नव्हते, मी सोडणार नव्हते. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त आकड्यांत बोललो. पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर पडून होता. मी तो उघडला नाही, हलवलाही नाही. त्याला मुंग्या लागल्या. जिभाऊंनी उचलला तेव्हा म्हणाले, "ताई, इतलं ताणू नको. तुटी जाई."

"तुटू द्या."

तिसऱ्या दिवशी बापूजी आतल्या जिन्याने खाली आले. उपवासांनी वाळलेले, गादीचा कठडा धरून. त्यांना कोणी सांगितलं मला माहीत नाही, मुनीमाने असेल. ते माझ्यापुढे येऊन हात जोडू लागले तशी मी उठून उभी राहिले.

"तुम्ही नको, बापूजी. तुम्ही माझं काही बिघडवलेलं नाही. स्वतःचे पैसे नेलेत, चिठ्ठीही ठेवलीत."

"आकडा रुपयांत लिहायला पाहिजे होता," ते म्हणाले. "हाताला बोली मणांतच लिहायची सवय. माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे पैसे कमी पडले. चोर मला तुम्ही म्हणाला नाहीत."

ते मुलाकडे वळले. मारवाडीत बोलले, पण अकरा वर्षांत तेवढी मला समजायला लागली होती. "जिणां रै सामने कह्यो, उणां रै सामने बोल. म्हारो नाम ले'र बोल."

"बापूजी, लोक..."

"क्षमा तू मांगी के बांटी?"

एवढं बोलून ते गादीवर बसले. चार वर्षांनी बसले होते. शेठ काय करतात ते बघत बसले.

शेठ बोलले. आधी जिभाऊंना, मग साड्यांवरच्या बाईला, मग ओट्यावर जाऊन मास्टरांना. तीन वाक्यं, दात आवळून, एकाही शब्दात जास्तीची भर न घालता. मास्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मी तर दोन ठिकाणी बोललोय. मी म्हणाले, त्या दोन ठिकाणी आता तुम्ही सांगायचं. ते मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागले.

ब्राह्मणपुरीचा नंबर बिलावर होता. शेठांनी फोन लावला, मी तो स्पीकरवर ठेवायला लावला. गुजर शेतकरी केळीच्या बागेत असावेत, मागे पंपाचा आवाज होता. ते म्हणाले, "जाऊ द्या शेठ, आम्ही कधीच विसरलो." तेवढ्यात मागून पत्नीचा आवाज आला, "मी गाडीमाच सांगं व्हतं, पाच रुप्या कोन चोरस? पन तुम्ही म्हने, गप बस."

मी पाच खुणा केल्या. शेठनी विचारलं, झालं? मी म्हणाले, एक राहिली. ते म्हणाले, तिचं नाव नाही, गाव नाही, कुठे शोधू? ती परत येईल तेव्हा सांगा, मी म्हणाले. ते गाडी काढून निघून गेले.

त्यानंतरचे सहा महिने त्या दुकानात जे होतं त्याला भांडण म्हणता येणार नाही. शेठ मला ताईही म्हणत नव्हते आणि बाईही. "ते बिल." "ती किल्ली." दिवाळीला सगळ्यांना बोनस पाकिटातून दिला, माझा खात्यावर टाकला, म्हणजे हातात द्यायला नको. मी आता गल्ला रोज सकाळी त्यांच्यासमोर मोजायचे आणि कागदावर त्यांची सही घ्यायचे. ते सही करायचे, कागद माझ्याकडे न देता गादीवर टाकायचे. पौषात बसस्टँडजवळच्या बियाण्यांच्या दुकानदाराने मला बोलावून घेतलं. पगार हजार रुपये जास्त. मी सांगितलं, होळीनंतर येते. यजमान म्हणाले, "एक बाईसाठे? तिले काय याद ऱ्हाई?"

माझ्या लक्षात राहिलं होतं. म्हणून तिच्याही राहिलं असेल असं वाटायचं.

होळीच्या आधी डोंगरातले लोक कपडे घ्यायला खाली उतरतात. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुपारी ती आली. लुगडं यावेळी लाल होतं. सोबत दोन बाया. गोंदण मी ओळखलं. तिने मला माझ्याआधी ओळखलं असावं, कारण साडेसातशेचं बिल झाल्यावर ती माझ्यापुढे आलीच नाही. नोटा घेऊन सरळ गादीवर शेठांकडे गेली आणि त्यांच्या हातात दिल्या. उरलेले पैसे घेऊन तिथेच उभी राहून तीनदा मोजले.

मी कप्प्यातून कागद काढला आणि शेठांपुढे ठेवला.

"आत्ता?" ते म्हणाले. "गर्दी बघा किती आहे."

"तेव्हाही लोक होतेच."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग वर जिन्याकडे. बापूजी त्या महिन्यात अंथरुणाला खिळलेले होते, येणार नव्हते. शेठना कोणाची सक्ती नव्हती. मला वाटलं आता कागद चुरगळून टाकतील.

त्यांनी तिला हाक मारली. "ओ बाई, थांबा. त्या दिवशी तुम्ही इथे होत्या, तेव्हा मी हिला चोर म्हणालो होतो. हिने पैसे घेतले नव्हते."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुकानाची मराठी तिला कळत होती, पण तिला ते पुरलं नाही. "मग पैसे कुठं गेलते?"

"माझ्या वडिलांनी नेले होते. देवळात दिले."

तिने ते सोबतच्या दोघींना त्यांच्या बोलीत सांगितलं. तिघी हसल्या. मोठ्याने नाही, तोंडावर पदर घेऊन. मग ती पुन्हा शेठकडे वळली.

"बापाला विचारलं नाही, हिला धरलं?"

शेठ हातातल्या नोटा सरळ करू लागले. आजूबाजूचे थांबले होते. ती माझ्यापुढे आली, पिशवी काउंटरवर ठेवली, आणि मला नीट न्याहाळलं.

"आणि तू अजून इथंच काम करते?"

"तू यायची होतीस म्हणून," मी म्हणाले.

तिला त्यातलं किती कळलं मला सांगता येत नाही. तिने एक ओढणी आणखी घेतली. ऐंशी रुपये. ते तिने माझ्या हातात दिले आणि सुट्टे वीस न मोजता कमरेला खोचले.

मी सहावी खूण केली. संध्याकाळी महिन्याच्या नोटिशीचं पत्र शेठांपुढे ठेवलं. ते वाचून म्हणाले, "आता कशाला? झालं ना सगळं तुमच्या मनासारखं."

"झालं. म्हणूनच."

महिन्याने जाताना मी सोपवलेल्या वस्तूंची यादी केली. गल्ल्याची किल्ली एक, बिलबुकं बावीस, शिक्का एक, घरखर्चाची तार, भिंतीवरच्या याद्या दोन. शेठनी पहिल्यांदाच पूर्ण यादी वाचली, एकेक वस्तू ताडून पाहिली, आणि खाली सही केली. मी त्याची झेरॉक्स काढून एक प्रत त्यांना दिली. सहा ओळींचा कागद मात्र कोणाला दिला नाही.